शिवाराची भूजल समिती कशी उभी करायची: मराठवाड्यातल्या गावांसाठी पहिल्या मोजणीपासून रब्बीच्या हिशोबापर्यंत

मराठवाड्यात पाणी अडवायचं म्हटलं की माणसं गोळा होतात. नाला खोलीकरण असो की तलावातला गाळ, जेसीबी येतो, डिझेलला वर्गणी निघते, ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. पण जमिनीत मुरलेलं पाणी कोणी किती उपसायचं हे ठरवायला गावात जागाच नाही. मग सगळ्यांनी मिळून मुरवलेलं पाणी डिसेंबरपर्यंत ज्याची मोटर मोठी त्याच्या पाइपातून निघून जातं आणि मार्चमध्ये ग्रामपंचायत टँकरचा प्रस्ताव घेऊन तहसीलला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते सगळ्यांना आठवतं, त्यानंतर कामं पण भरपूर झाली, पण उपशाचा हिशोब बहुतेक ठिकाणी अजून कोणी धरत नाही. ही समिती त्या हिशोबासाठी आहे. तिचं खरं काम एकच, ऑक्टोबरमध्ये बसून जमिनीत किती पाणी आहे ते बघायचं आणि त्यावरून रब्बी ठरवायची. बाकी सगळं त्या एका बैठकीची तयारी आहे असं समजा.

आधी हद्द ठरवा

बहुतेक जण इथंच गडबड करतात, कारण ग्रामपंचायतीची हद्द तयार असते म्हणून तीच घेतात. पाण्याला गावशीव कळत नाही. तुमच्या ओढ्याला जेवढ्या जमिनीचं पाणी येतं ते पाणलोट हे तुमचं क्षेत्र, त्यात दोन गावं येतील, चार येतील, एखाद्या गावाचं अर्धंच शिवार येईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनं अख्ख्या महाराष्ट्राचे दीड हजारावर पाणलोट पाडलेत, प्रत्येकाला क्रमांक दिलाय. जिल्ह्याच्या ऑफिसात वरिष्ठ भूवैज्ञानिकाकडं लेखी अर्ज द्या आणि तीन गोष्टी मागा: आपल्या पाणलोटाचा क्रमांक आणि नकाशा, आपल्या भागातल्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी, आणि पाणलोट कोणत्या वर्गात आहे ती माहिती. वर्षाला जमिनीत जेवढं पाणी मुरतं त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित आणि त्याच्या वर गेला की अतिशोषित, अशी ही वर्गवारी असते.

पण अख्खा पाणलोट पहिल्याच दमात घेऊ नका. त्यातला एक ओढा घ्या, त्याच्यावरची दोन-तीन गावं घ्या, जिथली माणसं एकमेकाला लग्नाकार्यात भेटतात. ते जमलं की खालची गावं आपोआप विचारायला येतात.

खडकाबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे, कारण नियम सगळे त्याच्यावर अवलंबून आहेत. नांदेडकडं देगलूर, बिलोली, मुखेडच्या बाजूला ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागतो ते सोडलं तर आपल्याकडं जवळपास सगळीकडं काळा पाषाण. वर माती, मग मुरूम, मग भेगांचा नाहीतर बोंडाबोंडांचा खडक, आणि त्याखाली घट्ट काळा. पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या ५०-६० फुटांत, मुरमात आणि भेगांत. खाली ४००-६०० फुटांवर बोरला पाणी लागतं ते एखाद्या भेगेतलं असतं, आणि पुष्कळदा ती भेग वरून कुठंतरी शेजाऱ्याच्या विहिरीखालूनच पाणी ओढून आणते. म्हणून खोल बोर मारला की नवं पाणी सापडलं असं नसतं, वरचंच पाणी दुसऱ्या रस्त्यानं काढलेलं असतं. हे पहिल्या बैठकीत पटलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं काहीच पटत नाही. तोंडी सांगून नाही पटत, तर दोन शेजारी तयार करा, एकाचा बोर सकाळपासून सलग चालवा आणि दुसऱ्याच्या विहिरीत तासातासाला टेप सोडून बघा. सगळीकडं फरक दिसेलच असं नाही, पण जिथं दिसतो तिथं पुढं भाषण लागत नाही.

माणसं कोण घ्यायची

विहीरवाले येतातच. बोरवाले बोलवावे लागतात कारण त्यांना वाटतं हे आपल्याविरुद्ध चाललंय. ज्यांच्याकडं विहीरही नाही बोरही नाही, भूमिहीन आहेत, त्यांना बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही, आणि पिण्याच्या पाण्याचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच. त्यांचे दोन जण तरी समितीत पाहिजेतच. बायका निम्म्या घ्या, आणि नुसतं सहीपुरतं नाही. हंडा किती लांबून आणावा लागतो, कोणता हातपंप कोणत्या महिन्यात सोडतो हे त्यांनाच पाठ असतं, पुरुषांना विचारलं तर अंदाजे सांगतात. ओढ्याच्या वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे शेतकरी दोन्ही घ्या, कारण बंधारा वर बांधला की भांडण खाली होतं. अकरा ते पंधरा माणसं पुरेत. सरपंच असावेत पण अध्यक्ष दुसरा कोणी असला तर बरं, नाहीतर निवडणुकीत पॅनल बदललं की समिती गेली. आणि बोरच्या गाडीचा एजंट, किंवा बंधाऱ्याचे गुत्ते घेणारा, समितीत नको. माणूस कितीही चांगला असला तरी नको, त्याला ऑक्टोबरमध्ये ‘नाही’ म्हणता येणार नाही.

कागद कसा करायचा

इथं तीन वाटा आहेत.

पहिली, ग्रामसभेची. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खाली ग्रामविकास समित्या करता येतात, त्यात भूजल समिती बसवायची. दोन-तीन गावं असतील तर प्रत्येक गावाचा एकसारखाच ठराव घ्या, अक्षर न अक्षर तोच, आणि प्रत्येकातून चार-पाच माणसं घेऊन एक संयुक्त समिती करा. नोटीस किमान आठवडाभर आधी लागली पाहिजे, दवंडी पण द्या. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यात जे कमी असेल ते. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, ती खरोखर घ्या, कारण पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क हा ठराव तिथून आला की ग्रामसभेत त्याला विरोध करायला कोणी उठत नाही.

दुसरी वाट संस्था नोंदणीची, १८६० च्या कायद्याखाली, सात माणसं लागतात. बँक खातं, पावती पुस्तक, ऑडिट सगळं नीट होतं, पण या संस्थेला गावावर काही अधिकार नसतो. मी तर म्हणेन सुरुवात ग्रामसभेपासून करा आणि पैसा यायला लागला की मग नोंदणीचं बघा.

तिसरी वाट कायद्याची. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ चा आहे, लागू झाला २०१४ पासून. त्यात राज्याचं भूजल प्राधिकरण म्हणून महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला नेमलंय. एखादं क्षेत्र अधिसूचित झालं, म्हणजे सरकारनं तसं जाहीर केलं, की तिथं पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समिती करायची, तिनं भूजल वापराचा आणि पिकांचा आराखडा करायचा, अशी तरतूद आहे. ६० मीटरपेक्षा खोल विहीर किंवा बोर शेती-उद्योगासाठी घेऊ नये हेही त्याच कायद्यात आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरी-बोरपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायची नाही ही अट तर १९९३ च्या कायद्यापासून माहीत आहे सगळ्यांना. ६० मीटर म्हणजे २०० फुटांच्या आत, आणि आपल्याकडं बोर किती फुटांवर जातात ते सांगायला नको. तेव्हा कायदा आहे म्हणून आपोआप काही थांबत नाही, पण गावानं ठराव घेतला की त्याच्या मागं उभं राहायला हा कायदा कामाला येतो, म्हणून ठरावात त्याचा उल्लेख जरूर टाका. कालव्याच्या पाण्यासाठी २००५ च्या कायद्याखाली पाणी वापर संस्था असतात ती गोष्ट वेगळी, तिच्यात हे मिसळू नका.

बाहेर हे कसं चालतं तेही सांगतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९४९ च्या कायद्यानं भूजलाची स्थानिक मंडळं करायची सोय झाली, आणि तिथं मंडळ कायम करायला त्या भागात मतदान घेतात. तिथंही मूळ समजूत आपल्यासारखीच, ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी. आपल्याकडं ती १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलीय. कॅन्ससमध्ये शेरिडन ६ नावाच्या भागात शेतकऱ्यांनी स्वतः मागणी करून २०१३ पासून उपसा साधारण २० टक्के कमी केला, पाच वर्षांचं मिळून शेतावर ५५ इंच उभं राहील एवढं पाणी, कोणत्या वर्षी किती वापरायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. ही पाच वर्षांची सोय मात्र आपल्याकडं चालणार नाही. त्यांच्या खाली वाळूचा जाड थर आहे, शेकडो-हजारो वर्षांचा साठा आहे. आपला खडक म्हणजे कळशी, पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात तळाला जाते. म्हणून आपला हिशोब वर्षाचाच.

मोजणी: इथं कंटाळा करू नका

समिती झाली की पहिलं एक वर्ष काहीच नियम करू नका, फक्त मोजा. हे लोकांना पटत नाही, उत्साहात पहिल्याच महिन्यात बोरबंदीचा ठराव घेतात आणि दुसऱ्या महिन्यात तो मोडतो. आकडे नसताना केलेला नियम कोणाच्या तरी विरुद्ध केल्यासारखा दिसतो.

सगळ्या विहिरी आणि बोरची यादी करा, गटनंबर, मालक, खोली, मोटर किती एचपीची, आडवे बोर घेतलेत का, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं. शाळेतली नववी-दहावीची पोरं हे काम चांगलं करतात. मग त्यातल्या वीस-पंचवीस विहिरी निवडा, वरच्या अंगाच्या, मधल्या, खालच्या, ओढ्याजवळच्या आणि माळावरच्या.

विहिरीची पातळी अशी घ्यायची. काठावर एक जागा ठरवून ऑइल पेंटनं लाल खूण करा, दरवेळी तिथूनच मोजायचं. टेपच्या टोकाला जड लोखंडी नट बांधा आणि हळूहळू सोडा, पाण्याला टेकला की टुप्प असा आवाज येतो, तिथं टेप चिमटीत धरून आकडा वाचा, मग काठ जमिनीपासून जेवढा उंच असेल तेवढं वजा करा. मोटर चालू असेल किंवा नुकतीच बंद झाली असेल तर तो आकडा धरू नका. रात्रीची लाइट असेल त्या आठवड्यात पहाटे मोटर चाललेली असते, म्हणून आधी विचारून घ्या आणि रात्रभर बंद असलेल्या विहिरीची सकाळी मोजणी करा. आणि मीटरमध्येच लिहा. परसात लिहाल तर प्रत्येकाचा परस वेगळा. शासनाच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा वर्षातून चारदा मोजतात, तुम्ही दर महिन्याला मोजा, पण हे चार महिने अजिबात चुकवू नका म्हणजे त्यांच्या आकड्याशी ताडून बघता येतं.

पाऊस मोजायला साधं पर्जन्यमापक पुरतं, प्रत्येक गावाला एक. झाड आणि भिंतीपासून लांब, मोकळ्यात, आणि रोज सकाळी साडेआठला वाचायचं. महसूल मंडळाच्या गावचा पाऊस आपल्या शिवारात पडलेला नसतो हे सगळ्यांनाच माहीत आहे.

उपसा मोजायला मीटर नको, ड्रम पुरे. २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली धरा, किती सेकंदात भरतो ते बघा. ४० सेकंदात भरला तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ हजार लिटर. मोटर किती तास चालते ते मालकच सांगतो. अगदी अचूक नाही, पण गावाच्या हिशोबाला चालतं.

हे सगळं मारुतीच्या पारावर किंवा शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा. मोबाइलच्या ग्रुपवर टाकलेला आकडा दोन दिवसात वर सरकून जातो, भिंतीवरचा म्हातारी माणसंसुद्धा रोज वाचतात.

ऑक्टोबरचा हिशोब

आता मुख्य गोष्ट. समजा तुमचं शिवार १००० हेक्टर आणि पाऊस झाला ७०० मिमी. एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० हजार लिटर, म्हणजे एकूण पडलं ७०० कोटी लिटर. आपल्या खडकात त्यातलं साधारण ७ ते १३ टक्के मुरतं, खडक कसा आहे त्यावर. १० टक्के धरलं तर ७० कोटी लिटर. यात बंधारे-तलावातून मुरतं ते वेगळं मिळवा, पण सुरुवातीला हातचं धरूच नका.

यातून पहिलं पिण्याचं काढायचं. २००० लोकसंख्या, माणशी ५५ लिटर, वर्षाचे ४ कोटी लिटर. जनावरं धरा दोन कोटी. ओढ्यात झिरपून जाणारं आणि पुढच्या जूनपर्यंत राखून ठेवायचं असं सहा कोटी बाजूला. राहिले ५८ कोटी.

आता हे ५८ कोटी कशाला वापरायचं? पाटानं भिजवलेल्या उसाला पावसाचा वाटा सोडून हेक्टरी दीड ते दोन कोटी लिटर लागतं. म्हणजे ३० ते ४० हेक्टर ऊस झाला की संपलं सगळं, १००० हेक्टरमधलं. हरभऱ्याला दोन पाणी दिली तर हेक्टरी १५ लाख लिटर धरा, त्याच पाण्यात साधारण ३८० हेक्टर हरभरा भिजतो. हा आकडा फळ्यावर लिहून नुसतं शांत बसा. ज्याचा दोन एकर ऊस आहे तो पण विचारात पडतो, कारण त्याला कोणी चोर म्हटलेलं नसतं, फक्त भागाकार केलेला असतो.

मग हा हिशोब विहिरींच्या पातळीशी ताडायचा. पाऊस बरा झाला पण ऑक्टोबरमध्ये विहिरी गेल्या वर्षापेक्षा खाली आहेत, असं असेल तर पाणी वाहून गेलं, किंवा खरिपातच जास्त उपसलं, आणि आकडा कमी करा. दोन-तीन वर्षांत तुमच्याच नोंदीवरून कळतं आपल्या शिवारात खरं किती मुरतं, मग पुस्तकातले टक्के लागत नाहीत.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला सरपंच पोपटराव पवारांच्या काळात हेच केलं, शेतीसाठी बोर बंद, ऊस-केळी नको, आणि पावसावर रब्बीचं क्षेत्र ठरवायचं. लोक तिथली झाडं आणि रस्ते बघून येतात, मी म्हणतो तिथला पाण्याचा ताळेबंद बघून या. आणि जालना जिल्ह्यातलं कडवंची बघा, पाणलोटाच्या कामावर द्राक्षाचं गाव झालं.

नियम, पण थोडेच

दुसऱ्या वर्षी नियम करा, चार-पाचाच्या वर नको. पिण्याच्या विहिरीच्या आसपास नवा बोर नाही. शिवारात नवा बोर घ्यायचा तर समितीला आधी सांगायचं, आणि बोरची गाडी गावात आली की सरपंचाची चिठ्ठी दाखवल्याशिवाय चालू करायची नाही (गाडी रात्री येते, म्हणून फाट्यावरच्या दुकानदाराला सांगून ठेवा). उन्हाळी भुईमूग आणि नवीन ऊस त्या वर्षीच्या ताळेबंदात बसला तरच. मार्चनंतर पातळी ठरलेल्या खुणेखाली गेली की शेतीचा उपसा बंद, फक्त जनावरं, पिणं आणि जुन्या फळबागांना जगवण्यापुरतं.

शेततळ्याचा नियम वेगळा लिहा. प्लास्टिकचं अस्तर टाकून विहिरीच्या पाण्यानं भरलेलं शेततळं म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी उन्हात आणून ठेवणं. एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्यातून दिवसाला ८-१० मिमी उडून जातं. ओढ्याच्या पुराच्या पाण्यानं भरा, हरकत नाही, विहिरीतून भरायचं असेल तर तो उपसा त्या माणसाच्या खात्यावर धरा. ठिबकबद्दल पण स्पष्ट बोला: ठिबक केलं म्हणून एक एकराचा दोन एकर ऊस केला तर पाणी वाचलं नाही. ठिबक पाहिजेच, पण क्षेत्र तेवढंच ठेवून.

ज्याचा ऊस उभा आहे त्याला खोडवा निघेपर्यंत मुदत द्या. ज्यानं कर्ज काढून बोर घेतला आणि तो कोरडा गेला, असा माणूस प्रत्येक गावात आहे, त्याला शेजारच्या विहिरीतून पाळीनं दोन पाणी मिळतील अशी सोय समितीनंच करून द्यावी. नुसता मनाईचा फलक लावून कोणाची रब्बी निघत नाही, आणि नियम टिकतो तो ज्याचं नुकसान होतं त्याच्याकडं बघितल्यावरच.

मोडला तर? पहिल्यांदा दोन म्हातारी माणसं घरी जाऊन, ‘तात्या, असं नका करू’ म्हणून सांगतात, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. दुसऱ्यांदा नाव भिंतीवर. तरीही नाही ऐकलं आणि पिण्याच्या विहिरीला धक्का लागत असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, पातळीच्या नोंदी आणि पंचनामा जोडून तहसीलदाराकडं अर्ज. वर्षभराच्या नोंदी असल्या की तिथं म्हणणं ऐकून घेतात, नुसत्या तक्रारीवर फार होत नाही. एक पथ्य पाळा, समितीनं स्वतः कोणाची मोटर बंद करायची नाही, वायर काढायची नाही. तिथून हाणामाऱ्या होतात.

पैसा आणि मदत

खर्च फार नाही. टेप, पर्जन्यमापक, रंग, वह्या आणि मोजणी करणाऱ्या दोन पोरांना महिन्याला काहीतरी मानधन. मोटरमागं वर्षाला थोडी वर्गणी ठेवा, एचपीप्रमाणं, मोठ्या मोटरला जास्त. पुनर्भरणाची कामं, विहीर पुनर्भरण, चर, गाळ काढणं, ही रोजगार हमीतून आणि ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांनाच वापरायच्या) निधीतून बसवता येतात का ते ग्रामसेवकाकडून काढा. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत मराठवाड्यातले जालना, लातूर आणि धाराशिव हे जिल्हे घेतले होते, तिथल्या गावांचे जलसुरक्षा आराखडे आणि ताळेबंद ग्रामपंचायतीत पडलेले असतील, ते मागून घ्या, निम्मं काम झालेलं सापडेल. पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पातल्या गावांतही पाण्याचा ताळेबंद केलेला असतो.

सुरुवात कधी करायची विचाराल तर १ मेची ग्रामसभा सगळ्यात चांगली, कारण तेव्हा विहिरी तळाला असतात आणि पाण्याची गोष्ट ऐकायला माणसं बसतात. ठराव मेमध्ये, विहिरींची यादी आणि लाल खुणा पाऊस पडायच्या आत, जूनपासून पावसाची वही, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या विहिरींची एकाच दिवशी मोजणी आणि पेरणीच्या आधी, हरभऱ्याचं बी घरात यायच्या आत, ताळेबंदाची बैठक. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मोजणी पुरी झाली नाही तर ती ग्रामसभा तहकूब करून आठ दिवसांनी घ्या, पण पेरणी झाल्यावर बैठक ठेवू नका, तेव्हा ठरवायला काही उरलेलं नसतं.